शोरायबाईंचा कानून

इंटरव्ह्यू संपत आला की समोरचा एचआरवाला फाइल मिटतो, गोड हसतो आणि विचारतो, 'तुम्हाला काही विचारायचंय?' आपण काय म्हणतो? 'नो, थँक्यू!' डोक्यात खरं तर दहा प्रश्न असतात. शनिवारी यावं लागेल का? रात्री उशीर झाला तर घरी सोडायला गाडी मिळेल का? ज्या बॉसच्या हाताखाली टाकताय, त्याच्याविषयी जे ऐकलंय ते खरं आहे का? पण तोंडातून निघतं ते 'नो, थँक्यू'. अटी त्यांनी घालायच्या, सही आपण करायची, असा सगळा फंडा.

म्हणून आज अशा एका बाईविषयी, जिने कॉन्ट्रॅक्टमध्ये स्वतःच्या अटी घातल्या. नुसत्या घातल्या नाहीत, तर अख्ख्या इंडस्ट्रीकडून मान्य करून घेतल्या. या अटी इतक्या गाजल्या की लोकांनी त्यांना नावच देऊन टाकलं – 'शोराय कानूनलारी'. म्हणजे शोरायचे कायदे. हो, हा 'कानून' तोच, आपल्या हिंदी पिक्चरमधला, ज्याचे हात लांब असतात!

बाईचं नाव तुर्कान शोराय. तुर्कस्तानच्या सिनेमाची 'सुलतान'. (तुर्की भाषेत सुलतान बाईसुद्धा असू शकते, हे मला जाम आवडतं.) २०० हून जास्त चित्रपट, आणि अंतल्याच्या महोत्सवातला 'गोल्डन ऑरेंज' हा तिथला मानाचा पुरस्कार सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून चार वेळा – १९६४, १९६८, १९८७ आणि १९९४. तारखा नीट बघा. पहिल्या आणि शेवटच्या पुरस्कारात तीस वर्षांचं अंतर आहे. आपल्याकडे तीस वर्षांत हिरॉइनची आई होते आणि आईची आजी.

तुर्कस्तान म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना २०१५ मध्ये झिंदगी चॅनेलवर लागलेली 'फेरिहा' आठवते. पण ही देवाणघेवाण त्याच्या खूप आधीची आहे, आणि आधी माल आपण पाठवलाय. राज कपूरचा 'आवारा' १९५५ च्या सुमारास तिकडे लागला आणि लोक वेडे झाले. १९६४ मध्ये त्यांनी त्याचा स्वतःचा 'आवारे' काढला. त्यामुळे त्या काळचा तुर्की सिनेमा बघताना मला परकं असं वाटतच नाही. गरीब मुलगी, श्रीमंत व्हिलन, आंधळेपण, लॉटरी, योगायोग आणि मुबलक अश्रू. या सिनेसृष्टीचं नाव येशिल्चाम. इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या ज्या गल्लीत निर्मात्यांची ऑफिसं होती, त्या गल्लीचं हे नाव. अर्थ – हिरवा पाइन.

तुर्कानचा जन्म २८ जून १९४५ चा, इस्तंबूलमधलाच. वडील रेल्वेत नोकरीला. आईवडील वेगळे झाले, घरात बहिणी, पैशांची चणचण. शेजारची एक मुलगी सिनेमात कामं करायची, तिच्याबरोबर तुर्कान सेटवर गेली. तिथे दिग्दर्शक तुर्केर इनानोलूचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि १९६० मध्ये पहिला चित्रपट आला. वय १५. त्या वयात आपण ट्यूशनला दांडी कशी मारायची याचं प्लॅनिंग करत होतो. हिच्यावर घर चालायचं होतं.

दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, मेतिन एर्कसानचा 'आजी हायात' आला. 'हायात' म्हणजे आपण 'हयातभर' म्हणतो त्यातलीच हयात, आणि 'आजी' म्हणजे कडू. कडू आयुष्य. तुर्कान यात मॅनिक्युअर करणारी मुलगी आहे आणि तिचा प्रियकर जहाजांच्या गोदीत वेल्डर. दोघांना लग्न करायचंय, त्यासाठी घर हवंय. मग सुरू होते घरं बघण्याची मोहीम. जे परवडतं ते राहण्यासारखं नाही, आणि जे राहण्यासारखं आहे ते परवडत नाही. कुठे बघितलंय का हे? वाकडला? डोंबिवलीला? पुढे लॉटरी, सूड वगैरे येशिल्चामी मसाला आहेच, पण घर शोधत फिरणारी ती दोघं मात्र साठ वर्षांनंतरही जुनी वाटत नाहीत. याच भूमिकेसाठी १९६४ मध्ये, अंतल्याच्या अगदी पहिल्याच महोत्सवात, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ती विशीतही पोचली नव्हती.

आता मुद्द्याचं. विशी-पंचविशीतल्या मुलीचे कायदे ही पुरुषांनी भरलेली इंडस्ट्री ऐकते का?

त्याचं उत्तर सिनेमाच्या पडद्यावर नाही, हिशेबाच्या वहीत आहे. येशिल्चामच्या निर्मात्यांकडे स्वतःचा पैसा फारसा नसायचा. देश वितरणासाठी विभागांत वाटलेला होता – अदाना, इझमीर, सामसुन वगैरे. तिथले वितरक सिनेमा बनायच्या आधीच पैसे द्यायचे, आणि तेही बऱ्याचदा रोख नाही, पुढच्या तारखेच्या हुंड्यांच्या रूपात. निर्माता त्या हुंड्या सावकाराकडे वटवायचा आणि शूटिंग सुरू करायचा. साहजिकच, काय बनणार हे वितरक ठरवायचा. आमच्या भागातल्या बायकांना रडायचंय, रडवणारा पिक्चर द्या. आमच्याकडे मारामारी चालते, ती द्या. आणि हिरॉइन कोण? तर तुर्कान शोराय. तिचं नाव असेल तर हुंडी, नसेल तर बघू.

थोडक्यात, तिचं नाव हेच चलन होतं. निर्मात्याला ती आवडो न आवडो, तिच्याशिवाय त्याचा कारखानाच सुरू होत नव्हता. वर्षाला दहा-बारा चित्रपट करणाऱ्या तुर्कानच्या हे लक्षात आलं आणि साठच्या दशकात तिच्या करारांत कलमं दिसायला लागली. पटकथा आधी हातात हवी, पसंत पडली तरच काम. दिग्दर्शक कोण, समोर हिरो कोण, हे मला विचारून. चुंबन नाही. कपडे उतरवणं नाही. आणि माझं सगळ्यात लाडकं कलम – रविवारी काम नाही.

रविवारी काम नाही! फ्रीलान्सिंग करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे रविवार हा फक्त 'मंडे मॉर्निंगला हवंय हं' याच्या आधीचा दिवस असतो.

गंमत अशी की एवढे कायदे करणाऱ्या बाईचा पडद्यावरचा आवाज मात्र तिचा नव्हता. येशिल्चाममध्ये चित्रीकरण आवाजाशिवाय व्हायचं आणि नंतर स्टुडिओत डबिंग. मोठमोठ्या नटनट्यांना आवाज द्यायचे दुसरेच कलाकार. तुर्कानलाही बरीच वर्षं दुसऱ्या बायकांनी आवाज दिला, त्यातलं एक गाजलेलं नाव अदालेत जिम्जोझ. म्हणजे वेळ तिची, अटी तिच्या, चेहरा तिचा, पण प्रेक्षक ज्या आवाजावर फिदा होता तो कोणा दुसरीचा. मग तिच्याकडे उरलं काय? डोळे. 'वेसिकाली यारिम' बघाल तर कळेल.

'यारिम' म्हणजे माझा यार, इथेही भाषांतराची गरज नाही. १९६८ चा हा चित्रपट, दिग्दर्शक लुत्फी आकाद. भाजीफळांचं दुकान चालवणारा साधा हलील मित्रांबरोबर एका रात्री क्लबमध्ये जातो, तिथे काम करणारी साबिहा त्याला भेटते. ती त्याच्यासाठी तिचं जुनं जग सोडायला निघते आणि मग कळतं, याला बायको आहे, मुलं आहेत. आपल्याकडच्या फॉर्म्युल्यात इथे थोबाडीत, किंचाळणं आणि वीज कडाडणं आलं असतं. इथे काही नाही. तुर्कान फक्त बघते. त्या बघण्यात राग आहे, समज आहे, आणि ही गोष्ट आता संपली याची खात्री आहे. दुसरा गोल्डन ऑरेंज या भूमिकेसाठी.

आणि इथेच ही गोष्ट जरा गुंतते. कारण विवाहित पुरुषावर प्रेम करणारी बाई ही तिच्यासाठी फक्त भूमिका नव्हती. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ वीस वर्षं ती रुचहान आदली या उद्योजकाबरोबर होती. तो वयाने तिच्यापेक्षा बराच मोठा, आणि विवाहित. अख्ख्या देशाला हे माहीत होतं. आणि शोरायच्या कायद्यांमागे, विशेषतः चुंबन नाही, कपडे उतरवणं नाही या कलमांमागे, त्याचाच हात होता असं तुर्कस्तानात नेहमी म्हटलं जातं.

हे कळल्यावर काय वाटतं? मला तरी जरा फुगा फुटल्यासारखं झालं. म्हणजे आपण जिला सुपरवुमन समजतोय, तिच्या कायद्यातली अर्धी कलमं एका पुरुषाच्या मालकी हक्कातून आली असतील तर?

पण थोडा विचार केला की दिसतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमच्या आमच्या आयुष्यातही असंच आहे ना? आठच्या आत घरी पोचायचं, अमुक कपडे घालायचे नाहीत, ऑफिसच्या पार्टीत दहाच मिनिटं थांबायचं. यातलं आपण ठरवलेलं किती आणि आई, नवरा, बॉयफ्रेंड, सोसायटीतल्या काकू यांनी ठरवलेलं किती, हे सांगता येतं कधी? नियम कुठूनही आलेला असो, तो वापरताना फायदा कोणाचा होतो, हेही बघावं लागतं. 'नाही' म्हणायची सवय असलेली हिरॉइन निर्मात्यांना तेव्हा पहिल्यांदाच भेटत होती. कारण काहीही असो, तो 'नाही' तिच्या कामी येत होता. रविवार तिला मिळत होता. पटकथा तिच्या हातात आधी पडत होती.

आणि पटकथा वाचायची सवय लागली की माणूस पुढचं पाऊल टाकतो. १९७२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तिने 'दोनुश' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. दोनुश म्हणजे परतणं. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीशी कामगारांचा करार झाल्यावर तुर्की खेड्यांतले तरुण लाटेसारखे तिकडे कारखान्यांत गेले होते. 'दोनुश' मागे राहिलेल्या बायकोची गोष्ट सांगतो. ज्या वर्षी येशिल्चाममध्ये ३०० च्या आसपास चित्रपट निघाले, त्यातल्या कॅमेऱ्यामागे बाई किती असतील, हे बोटांवर मोजा. देशातली नंबर वन हिरॉइन ग्लॅमर बाजूला ठेवून खेड्यातली गोष्ट करते, आणि पुढे आणखी तीन-चार चित्रपट दिग्दर्शित करते. एक तर यशार केमालच्या कादंबरीवरून, १९८१ मध्ये.

पण तुम्ही तिचा एकच चित्रपट बघणार असाल तर माझी शिफारस आहे 'सेल्वी बोय्लुम अल याझ्मालिम'. नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण असा – सुरूच्या झाडासारखी शेलाटी, लाल रुमालवाली माझी सखी. किर्गिझ लेखक चिंगीझ ऐतमातोव यांच्या कथेवरून अतिफ यिल्माझने १९७७ मध्ये हा चित्रपट केला.

गोष्ट साधी. धरणाच्या कामावर लाल ट्रक चालवणारा देखणा इल्यास, खेड्यातली आस्या. प्रेम, पळून जाणं, लग्न, मुलगा. मग नोकरीतली घसरण, पुरुषी अहंकार, दुसरी बाई, आणि एक दिवस इल्यास नाहीसा. आस्या मुलाला घेऊन बाहेर पडते. तिला आसरा देतो जेमशित नावाचा रस्त्याच्या कामावरचा मुकादम. मध्यमवयीन, कमी बोलणारा, भूकंपात स्वतःचं कुटुंब गमावलेला. तो काही मागत नाही. मुलाला चालायला शिकवतो, आजारपणात जागतो, घर उबदार ठेवतो. वर्षं जातात. आणि मग इल्यास परत येतो. आस्याचं प्रेम अजून त्याच्यावरच आहे, ते तिच्या डोळ्यांत दिसतं.

हिंदी सिनेमाचं ट्रेनिंग झालेल्या आपल्याला पुढचं माहीत असतं. हिरो परत आलाय, रक्ताचा बाप आहे, चला, सुखाचा शेवट. पण आस्या स्वतःलाच विचारते, प्रेम म्हणजे नेमकं काय? काळजात होणारी धडधड, की रोज कोणीतरी आपल्यासाठी घेतलेले कष्ट? आणि ती कष्टांच्या बाजूने कौल देते. धडधड थांबलेली नसतानाही. हा प्रसंग तुर्कस्तानात इतका मुरलाय की प्रेमाविषयी वाद झाला की लोक आजही आस्याचा दाखला देतात. मला विचाराल तर डेटिंगवरच्या सगळ्या टिप्स एका बाजूला आणि हा शेवट एका बाजूला.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, 'सुलतान' आला. तिचं टोपणनावच चित्रपटाला. पण ही सुलतान राहते कुठे? इस्तंबूलच्या गेजेकोंदूत, म्हणजे रातोरात उभ्या केलेल्या झोपड्यांच्या वस्तीत. चार मुलांची विधवा, लोकांच्या घरी साफसफाईची कामं करणारी, जिभेची तिखट. लोकांनी दिलेला मुकुट तिने स्वतःच उचलला आणि मोलकरणीच्या डोक्यावर ठेवला.

दरम्यान गल्लीची अवस्था वाईट झाली होती. घराघरात टीव्ही आला, रस्त्यावर राजकीय हिंसा वाढली, कुटुंबं थिएटरकडे फिरकेनाशी झाली. निर्मात्यांनी स्वस्तातल्या सेक्स कॉमेड्यांचा धडाका लावला. १९८० मध्ये लष्कराने सत्ता घेतली. जुनं येशिल्चाम संपत आलं होतं. या गढूळ काळात शोरायच्या कायद्यांनी तिला सावरलं, हे मान्य करावं लागतं.

आणि मग १९८२ मध्ये तिने स्वतःच ते मोडले.

चित्रपट 'मिने', दिग्दर्शक पुन्हा अतिफ यिल्माझ. छोट्या गावातल्या स्टेशनमास्तरची सुंदर बायको. नवऱ्याला तिच्या मनाचं काही पडलेलं नाही, आणि गावातल्या तमाम पुरुषांची नजर तिच्या अंगावर. गावात एक लेखक येतो, जो तिच्याशी माणसासारखं बोलतो. गाव काय बोलायचं ते बोलतंच. शेवटी मिने ठरवते, नाहीतरी बदनाम केलंच आहे तर आता माझं मी ठरवणार. या भूमिकेसाठी तुर्कानने प्रेमप्रसंगांवरची स्वतःची बंदी उठवली. वय ३७. ज्या वयात इंडस्ट्री हिरॉइनला वहिनी करून टाकते, त्या वयात.

तिच्यापुरता हा फक्त एक बोल्ड सीन नव्हता. आदलीबरोबरचं पर्व संपलं होतं. 'मिने'मधला लेखक झालेल्या जिहान उनालशी तिने १९८३ मध्ये लग्न केलं, मुलगी झाली, आणि १९८७ मध्ये ते लग्न संपलंही. 'म्हणजे कायदे मोडून मिळालं काय?' असं विचारणारे काका तुमच्याही फॅमिलीत असतीलच. मिळालं हे की कायदा आता नक्की तिचा झाला. जो नियम आपल्याला मोडता येत नाही, तो आपला नसतोच. तो आपल्यावर लावलेला असतो. 'मिने'नंतर तिने एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हटलं असेल, तर त्यात दुसऱ्या कोणाचा हात शोधायची गरज उरली नाही.

१९८७ चा तिसरा गोल्डन ऑरेंज मिळाला तो 'हायाल्लेरिम, आश्किम वे सेन' या चित्रपटासाठी. हायाल म्हणजे खयाल, आश्क म्हणजे इश्क. यात ती एका मोठ्या नटीच्या भूमिकेत आहे. तिच्यावर लहानपणापासून लट्टू असलेल्या एका तरुणाच्या आयुष्यात तिच्या जुन्या चित्रपटांतल्या नायिका चालत्याबोलत्या होऊन वावरतात, आणि खरी नटी मात्र त्या नायिकांसारखी मुळीच नाही. स्वतःच्याच पोस्टरची अशी फिरकी घ्यायला जिगर लागते, बॉस.

पुढे ती टीव्हीवर आली. १९९८ ते २००१ मध्ये गाजलेल्या 'इकिंजी बहार' या मालिकेत – दुसरा बहर, समजलंच असेल – कबाबचं दुकान चालवणाऱ्या शेनेर शेनसमोर, पन्नाशी उलटलेल्या दोन माणसांची प्रेमकथा. २०१२ मध्ये आत्मचरित्र, २०१५ मध्ये पुन्हा दिग्दर्शन.

या सगळ्यात एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. शोरायचे कायदे शोरायपुरते होते. तिच्याच सेटवर लाइट धरणाऱ्या पोऱ्याला, कोपऱ्यात उभ्या असलेल्या एक्स्ट्रा मुलीला, तिच्या तोंडी स्वतःचा आवाज घालणाऱ्या डबिंग कलाकारांना असं कुठलंही कलम नव्हतं. ज्याच्या नावावर हुंडी वटते त्यालाच अट घालता येते, हा बाजाराचा नियम तिनेही बदलला नाही. आपल्या ऑफिसातही बघा. वर्क फ्रॉम होम मागायची हिंमत स्टार परफॉर्मरच करतो, ऑफिसबॉय नाही.

तरीही या बाईकडून उचलण्यासारखं खूप आहे. पुढच्या अप्रेझलला जाण्याआधी एक कागद घ्या. आपल्या नावावर ऑफिसचं नेमकं काय अडतं ते एका बाजूला लिहा. त्याच्या बदल्यात काय हवंय ते दुसऱ्या बाजूला. दुसरी यादी लांबलचक करू नका, तीन कलमं पुरेत. त्यातलं एक रविवारचं ठेवा. आणि वर्षातून एकदा तो कागद काढून बघा, त्यातलं कुठलं कलम अजून आपलं आहे आणि कुठलं नुसतं सवयीने उरलंय.

हा अंक हातात पडेल तेव्हा वीकएंड जवळ आलेला असेल. कोणी फोन करून 'संडेला थोडा वेळ आहे का?' असं विचारलं, तर सांगा, शोराय कानूनमध्ये बसत नाही. मग 'सेल्वी बोय्लुम' लावा, आणि रुमाल जवळ ठेवा. लाल असला तर उत्तमच!